टाकी कोण धुतं?



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते भूगोल शिकवायचे. त्यामुळे त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बेटांविषयी बोलायला मला संकोच वाटत नाही. संकोच वाटतो तो सलग तासभर बोलण्याचा. माझी नोकरी चर्चेचे कार्यक्रम तयार करण्यात गेली, आधी रेडिओवर आणि नंतर दूरचित्रवाणीवर. दुसऱ्यांना बोलतं करायचं आणि आपण काचेमागून घड्याळाकडे बघायचं, हे माझं काम. आज घड्याळ तुमच्याकडे आहे.

बेटाचं नाव लावून चालणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध गप्पांचा कार्यक्रम म्हणजे बीबीसी रेडिओचा ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’. रॉय प्लमली या गृहस्थांच्या डोक्यातून तो निघाला आणि 29 जानेवारी 1942 रोजी, ऐन महायुद्धात, त्याचा पहिला भाग प्रसारित झाला. तो अजून चालू आहे. पाहुणा निर्जन बेटावर अडकला आहे असं धरायचं आणि सोबत कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका न्याल, ते त्याला विचारायचं. बायबल आणि शेक्सपिअरची समग्र नाटकं बेटावर आयती मिळतात. शिवाय आवडीचं एक पुस्तक आणि चैनीची एक वस्तू नेता येते. अट एवढीच, की ती वस्तू उपयोगाची असता कामा नये. ऐंशीहून अधिक वर्षांत मंत्री, गायक, शास्त्रज्ञ, खेळाडू असे सगळे त्या बेटावर जाऊन आले. पण तिथे पिणार काय, हा प्रश्न कार्यक्रमाच्या आखणीतच नाही. नियमावर बोट ठेवलं, तर पाण्याचा हौद मागणाऱ्याला नकारच मिळेल, कारण हौद उपयोगाचा!

कार्यक्रम मला फार आवडतो, तेव्हा ही तक्रार समजू नका. पण बेट म्हटलं की आपण सगळेच असे बोलतो. रॉबिन्सन क्रूसोला किनाऱ्याला लागल्यावर थोडं चालताच गोडं पाणी मिळतं आणि कादंबरी पुढे जाते. बेटावर आयत्या मिळणाऱ्या त्या शेक्सपिअरच्या ग्रंथात ‘द टेम्पेस्ट’ हे नाटक आहे. त्यात कॅलिबन कुरकुरतो, की बेटावरचे गोड्या पाण्याचे झरे मीच प्रॉस्पेरोला दाखवले. हे नाटक लिहिताना शेक्सपिअरसमोर ‘सी व्हेंचर’ या जहाजाची हकिगत होती, असं अभ्यासक मानतात. व्हर्जिनियाकडे निघालेलं हे इंग्रजी जहाज 1609 मध्ये वादळात सापडून बर्म्युडाच्या खडकांवर अडकलं. गंमत बघा, नाटकातल्या बेटावर झरे आहेत आणि खऱ्या बर्म्युडात ना नदी, ना ओढा. आज मी मुख्यतः याच बेटाविषयी बोलणार आहे.

तिथे जाण्याआधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगते. चर्चेच्या कार्यक्रमाला बेटाचे दोनच साचे ठाऊक असतात. एका साच्यात सुट्टी, निळं पाणी आणि नारळाची झाडं. दुसऱ्यात बुडणारी भूमी, वाढता समुद्र आणि हताश चेहरे. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीपभेट झाली, मालदीवच्या उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर वाटेल ते लिहिलं आणि ‘मालदीव की लक्षद्वीप’ हा विषय आपल्या वाहिन्यांवर रात्रंदिवस गाजला. विमानतळ, हॉटेलं, प्रवाळ, राष्ट्राभिमान यांवर तावातावाने बोलणं झालं. मी त्या आठवड्यात बऱ्याच चर्चा ऐकल्या. एवढे पर्यटक आल्यावर आंघोळ कशाने करतील, असं विचारणारा सूत्रसंचालक मला भेटला नाही. पावसाचं पाणी साठवण्यावरच्या चर्चेलाही असाच ठरलेला साचा असतो. मे महिन्यात एक तज्ज्ञ, एक अधिकारी आणि एक आदर्श सोसायटीचे सचिव बोलवायचे, शेवटी ‘थेंब थेंब वाचवा’ म्हणायचं आणि जाहिरातींकडे वळायचं. असे कार्यक्रम मी स्वतः पुष्कळ केले आहेत, म्हणून हक्काने सांगते.

तर बर्म्युडा. उत्तर अटलांटिकमधला हा ब्रिटिश ताब्यातला मुलूख पन्नासेक चौरस किलोमीटरचा आहे आणि वस्ती साधारण चौसष्ट हजारांची. बुडाशी जुना ज्वालामुखी आणि वर शंखशिंपल्यांच्या वाळूपासून बनलेला चुनखडक. हा खडक सच्छिद्र आहे, त्यावर पडलेलं पाणी वाहत नाही, शोषलं जातं. म्हणून ओढे नाहीत. पाऊस मात्र वर्षाला सुमारे 1,400 मिलिमीटर पडतो आणि तो जवळजवळ बारा महिन्यांवर सारखा वाटलेला असतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

सुरुवातीची घरं ताडाच्या जातीच्या तिथल्या झाडांच्या पानांनी शाकारलेली होती. वादळात ती छपरं टिकेनात, म्हणून पुढे बेटाच्याच चुनखडकाची छपरं आली. हा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो. त्याच्या इंचभर जाडीच्या फरशा कापून लाकडी वाशांवर एकीवर एक थोडी चढवून बसवतात. त्यामुळे छपराला घाटासारख्या पायऱ्या पडतात. जोराचा पाऊस आला, की पाणी या पायऱ्यांवरून थबकत उतरतं, उसळून बाहेर जात नाही. छपराच्या कडेला, आपल्याकडे जिथून पागोळ्या गळतात तिथे, दगडाचीच उंच कड असते. ती पाण्याला तिरकं वळवून नळीच्या तोंडाशी आणते. तिथून पाणी थेट घराखालच्या टाकीत जातं. म्हणजे झोपायची खोली वर आणि पिण्याचं पाणी खाली. सगळ्या छपरावर पांढरा चुना, हल्ली पिण्याच्या पाण्याला चालेल असा पांढरा रंग. पांढऱ्याने ऊन परततं, घाण लगेच दिसते आणि चुन्याच्या क्षारधर्मामुळे जंतूंना अटकाव होतो. छपराच्या वजनाचाही उपयोग आहे, वादळाला ते सहज उचलता येत नाही.

पर्यटक या पांढऱ्या छपरांचे फोटो काढतात. मला त्याहून तिथला कायदा बघण्यासारखा वाटतो. सार्वजनिक आरोग्याच्या नियमांत तिथे लिहिलेलं आहे, की घराच्या छपराचा किमान चार-पंचमांश भाग पाणी धरण्यासाठी असला पाहिजे आणि दर दहा चौरस फूट छपरामागे शंभर गॅलन मावतील एवढी टाकी पाहिजे. छप्पर, पन्हाळ आणि टाकी स्वच्छ राखायची जबाबदारी घरमालकाची. ठरावीक वर्षांनी टाकी उपसून धुवायची. हे ऐच्छिक नाही, बक्षिसासाठी नाही आणि मालमत्ता करातल्या सवलतीसाठी तर नाहीच. टाकीशिवाय घर बांधताच येत नाही.

आता जरा हिशेब करू. मास्तरांनी फळा मागवला असता. समजा, छप्पर 1,500 चौरस फूट, म्हणजे साधारण 139 चौरस मीटर. त्यावर 1,400 मिलिमीटर पाऊस पडला आणि दहा टक्के उडून-सांडून गेला, तर वर्षाला पावणेदोन लाख लिटर पाणी हाती येतं. दिवसाला 480 लिटर. चार माणसांच्या घरात माणशी 120 लिटर. संसार नीट चालतो, पण नळ उघडा ठेवून दाढी करता येत नाही. नियमाप्रमाणे टाकी 15,000 गॅलनची. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, म्हणजे सुमारे 68,000 लिटर. एक थेंब पाऊस पडला नाही, तरी साडेचार महिने पुरेल. बारमाही पाऊस पडणाऱ्या बेटाला एवढी शिल्लक पुष्कळ झाली.

तेच घर उचलून रत्नागिरीत ठेवा. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, दुपटीच्याही वर. आपल्या चर्चांतला तज्ज्ञ इथे हात उंचावून म्हणतो, बघा, आपल्याकडे तर दुप्पट पाऊस! पण बर्म्युडाची ती टाकी साडेपाचशे मिलिमीटरमध्ये काठोकाठ भरते. कोकणात जून सरायच्या आत एवढा पाऊस होऊन जातो. जुलै, ऑगस्टचं सगळं पाणी ओसंडून वहाळात जाणार. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनपर्यंत आभाळ कोरडं आणि साडेचार महिन्यांची शिल्लक फेब्रुवारीअखेर संपणार. मार्च ते मे काय करायचं? त्याच चार माणसांना तेवढंच पाणी पुरवायचं, तर टाकी सव्वा लाख लिटरच्या आसपास हवी. म्हणजे घराखाली सहाशे चौरस फुटांचा, पुरुषभर खोल हौद. तो बांधता येतो, पण त्याचा खर्च कोण करणार, हे कुठल्या चर्चेत कुणी विचारत नाही. सगळे पाऊस किती पडतो ते विचारतात. तो कधी पडतो, हा खरा प्रश्न आहे. एका वर्षी जूनमध्ये मी हे तक्त्यासकट निर्मात्यांपुढे मांडलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आकडे आले की लोक चॅनेल बदलतात. त्यांचंही चुकत नव्हतं.

बर्म्युडाच्या घरातली वागणूक मला यंत्रणेहून अधिक शिकवते. पाहुणा आला, की त्याला टॉवेल देताना टाकीची हालत सांगितली जाते. वादळाची सूचना आली, की खिडक्यांना फळ्या ठोकण्याबरोबर छपराच्या नळीचं तोंड बंद करायचं. वादळात समुद्राचे तुषार आणि पाचोळा छपरावर येतो, तो टाकीत गेला तर पिण्याचं पाणी मचूळ होतं. वादळ गेलं, की पहिल्या पावसात छप्पर धुऊन जाऊ द्यायचं आणि मगच बोळा काढायचा. बऱ्याच घरांत संडासासाठी अंगणातल्या विहिरीचं मचूळ पाणी वेगळ्या नळाने घेतात. संथ, दिवसभर लागलेल्या पावसाला तिथे ‘टँक रेन’ म्हणतात, म्हणजे टाकी भरणारा पाऊस, आणि शेजारी एकमेकांना त्याची खबर आनंदाने देतात. टाकी आटली, तर ट्रकवाल्याला फोन करावा लागतो. ते पाणी विकत घ्यावं लागतं आणि त्यात थोडी लाजही असते.

आणि डास! यावर कुणी बोलत नाही, कारण याने उत्साहाला टाचणी लागते. साठवलेलं पाणी आलं, की डास आले. 19व्या शतकात बर्म्युडात पीतज्वराच्या साथींनी माणसं मेली. त्या वेळी हा रोग डासांमुळे पसरतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. अळ्या खाण्यासाठी टाकीत मासे सोडण्याची रीतही तिथे होती.

एक प्रसंग सांगते. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही फोन-इन कार्यक्रम केला. विषय अर्थातच पाऊस साठवणं. दोन अभ्यासू पाहुणे सुंदर बोलत होते, गाळण यंत्रं, पुनर्भरण खड्डे, वाळूचे थर. शेवटच्या दोन मिनिटांत एका बाईंचा फोन लागला. समुद्रकाठच्या गावातल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “ते सगळं खरं हो, पण टाकी कोण धुतं?” पाहुणे हसले. एकजण म्हणाले, ते काय, कुणीही धुवेल. मी काचेमागून हात वर केला, वेळ संपली होती. बाईंना काय म्हणायचं होतं ते उघड होतं. छपरावर चढून पाचोळा काढणं, पन्हाळ मोकळं ठेवणं, पहिला पाऊस बाहेर सोडणं, वर्षातून एकदा हौदात उतरून गाळ उपसणं ही कामं कुणाच्या तरी अंगावर पडतात. योजना पाइपांची असते, चालवतं मात्र कुणीतरी. बर्म्युडाच्या कायद्याने या प्रश्नाचं उत्तर नाव घेऊन दिलं आहे. आपल्याकडच्या शाळांच्या छपरांवर बसवलेल्या आणि दोन पावसाळ्यांत तुंबलेल्या नळ्या पाहिल्या, की त्या बाईंचा फोन मला आठवतो.

बेटाच्या पोटातही पाणी असतं. सच्छिद्र बेटावर मुरलेला पाऊस खालच्या खाऱ्या पाण्यात लगेच मिसळत नाही. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं आणि भिंगासारखा फुगीर आकार घेतं. 19व्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या अभियंत्यांनी याचं गणित मांडलं. ढोबळ मानाने समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी. ऐकायला हे घबाड वाटतं, पण उलट बाजूने वाचा. वरची पातळी तुम्ही उपसून वीतभर खाली आणली, की खालून खारं पाणी त्याच्या चाळीसपट वर सरकतं. दोरी-बादलीने पाणी काढणाऱ्या बाईने भिंगाला धक्का लावला नव्हता. विजेचा पंप आला आणि तो लागला.

लक्षद्वीपचं सगळं जगणं या भिंगावर होतं. तिथली वस्ती 2011 च्या जनगणनेत 64,473 होती, योगायोगाने बर्म्युडाएवढीच. पण जमीन एकूण बत्तीस चौरस किलोमीटर आणि त्यातही माणसं राहतात ती बेटं दहाच. घरोघरी विहीर, मशिदीला लागून तळं. पाऊस चांगला पडतो, पण आपल्यासारखा मोसमी. घरं दाटली, विहिरीपासून जवळच शोषखड्डे आले, पंप लागले. मग पाणी एकीकडून खारट आणि दुसरीकडून दूषित झालं. त्यावर 2005 मध्ये कवरत्तीला राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने एक वेगळी युक्ती उभी केली. समुद्राचं पृष्ठभागावरचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडायचं, ते उकळून वाफ होते, आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करून गोडं पाणी मिळवायचं. दिवसाला एक लाख लिटर. ही माहिती द्यायला वाहिन्यांना कधीच अडचण नव्हती, यंत्र फोटोत छान दिसतं. पण कवरत्तीची वस्ती अकरा हजारांवर आहे. म्हणजे माणशी नऊ लिटर, पिण्या-रांधण्यापुरतं. धुणं, आंघोळ, पर्यटक, हॉटेल अजून विहिरीवर आणि छपरावरच. युक्ती उत्तम आहे, आणि ती कशाला पुरते हे सांगितल्याने तिची किंमत कमी होत नाही.

सगळं यंत्रावर सोपवल्यावर काय होतं, ते मालदीवच्या राजधानीने दाखवलं. माले बेटाखालचं भिंग उपसून संपलं होतं आणि शहर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रावर जगत होतं. 4 डिसेंबर 2014 रोजी त्या यंत्रणेत आग लागली आणि लाखाहून अधिक माणसांचे नळ कोरडे पडले. भारताने दुसऱ्या दिवसापासून विमानाने पाणी पाठवलं, आयएनएस सुकन्या हे जहाज गेलं. त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन नीर’. मला वाटतं, 2024 च्या त्या भांडणात दोन्हीकडच्या कुणाला तरी हे आठवायला हरकत नव्हती.

बर्म्युडाचं गुणगान करताना मी एका गोष्टीवरून पुढे सरकले, तिच्याकडे परत येते. ती देखणी छपरं घडवली कुणी? खाणीतला दगड करवतीने कापणारे, चुना भाजणारे, भिंती उचलणारे गवंडी यांत गुलाम माणसं मोठ्या संख्येने होती. तिथली गुलामी 1834 मध्ये कायद्याने संपली. ज्यांनी छपरं बांधली त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर केवढं छप्पर होतं? पावसाचं पाणी सगळ्यांवर सारखं पडतं, पण साठतं मात्र छपराच्या मापाने. मोठं घर आणि थोडी माणसं असली, की टाकी कायम भरलेली. लहान घरात दाटीवाटीने राहणाऱ्यांकडे ट्रक आधी येतो. बहुमजली इमारती आल्या तशी बर्म्युडातही भूजल, नळ आणि समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं आली. निसर्गाशी एकरूप जीवन वगैरे म्हणताना हे सोडून देऊ नये.

आता आपल्या घरी येऊ. मुंबई ही बेटंच होती आणि साष्टीही बेटच. साष्टीच्या डोंगरात कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांत जवळजवळ दर विहाराच्या दारात पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं, आहे. कातळावर चर खोदून वरचं पावसाचं पाणी या पोढ्यांत आणलेलं दिसतं. पोढी दान दिल्याची नोंद शिलालेखांत येते. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी भिक्षूंना लेणी दिली, तशी पाण्याची सोयही दिली. मोसमी पावसाच्या आठ कोरड्या महिन्यांचं उत्तर त्यांनी कातळात खोदलं, कारण एका पोढीमागे माणसं चार-सहाच होती. मालवणच्या सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींचं गोडं पाणी दाखवून वाहिन्या दर दिवाळीत ‘समुद्रात चमत्कार’ असं शीर्षक देतात. चमत्कार कशाला म्हणायचा? बेटावरच्या पावसाचं ते मुरलेलं पाणी. किल्ला बांधणाऱ्यांनी पाणी बघून बेट निवडलं, हे मला चमत्काराहून मोठं वाटतं.

दक्षिण मुंबईत चर्चगेटजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर भिखा बेहराम विहीर आहे, 1725 ची, आजही गोड्या पाण्याची. अशा विहिरी-तलावांवर जुनी मुंबई जगली. लोकवस्ती वाढल्यावर त्या पुरेनात, आणि 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. तिथून मुंबई बेटासारखं जगणं विसरली. पुढचा प्रकार तर चर्चेच्या कार्यक्रमाला साजेसा होता. 1911 मध्ये चार्ल्स बेंटली या डॉक्टरांनी अहवाल दिला, की शहरातल्या हिवतापाचे डास विहिरींत वाढतात. महापालिकेने विहिरी बुजवायला, झाकायला सुरुवात केली. पारशी आणि हिंदू, दोन्हीकडून विरोध झाला. विहिरीत देवता आहे, पूजेला विहिरीचंच पाणी लागतं, झाकलेल्या विहिरीला सूर्य दिसत नाही. महापालिकेत काम करणाऱ्या रुस्तम मसानींना या तक्रारी इतक्या रंजक वाटल्या, की त्यांतून त्यांनी 1918 मध्ये विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत पुस्तकच लिहिलं. माझ्या मते त्या वादात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर होतं. डास खरे होते. पण डासांवर मासे आणि जाळी हा उपाय असताना विहीर बुजवली, की शहराची शिल्लक बुजते, हेही खरं होतं. काही विहिरी जाळी, झाकण बसवून वाचल्या. बाकीच्यांवर आज दुकानं आहेत.

2002 मध्ये मुंबईत एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पाऊस साठवणं सक्तीचं झालं. सक्तीला माझा पाठिंबा आहे. पण फळ्यावर पुन्हा हिशेब मांडा. गच्ची हजार चौरस मीटर, पाऊस सुमारे 2,200 मिलिमीटर, वीस टक्के वजा. हाती येतात साडेसतरा लाख लिटर. इमारत वीस मजल्यांची, मजल्यावर आठ घरं, घरात चार माणसं : 640 माणसं. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज 135 लिटर. गच्चीवरचं वर्षभराचं सगळं पाणी वीस दिवसांत संपतं. बर्म्युडाच्या आपल्या त्या घरात माणशी पस्तीस चौरस मीटर छप्पर होतं, इथे माणशी दीड चौरस मीटर, बसायच्या सतरंजीएवढं.

म्हणून टॉवरच्या सचिवांना स्टुडिओत बोलावून ‘तुम्ही स्वयंपूर्ण झालात का’ असं विचारणं अन्यायाचं आहे. त्यांना विचारायचं ते वेगळं. गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडता, तर त्या बोअरचं पाणी एप्रिलमध्ये किती खारं असतं, मोजलं का? समुद्राकाठच्या सोसायट्यांनी पावसाळ्यात पाणी जिरवावं आणि उन्हाळ्यात जपून उपसावं, यात भिंग जिवंत ठेवण्याचा फायदा आहे, बिल कमी होण्याचा कमी. बागेला, गाड्या धुवायला, संडासाला हे पाणी वापरून धरणाचं गोडं पाणी वाचवता येतं, आणि वीस दिवसांचं पाणी म्हणजे थोडं नव्हे. उलट कोकणातल्या बैठ्या घरात, जिथे छप्पर मोठं आणि माणसं दोन म्हातारी, तिथे हौद पुरता उपयोगी पडेल. तिथे मात्र अनुदान नळजोडणीला मिळतं, हौदाला सहसा नाही. शहरात सक्ती आहे आणि छप्पर नाही, गावात छप्पर आहे आणि सक्ती नाही. चर्चा घ्यायचीच, तर मी ही घेईन, आणि तीत आकडे नक्की येतील.

कार्यकर्त्यांनी वेळ झाल्याची खूण केली आहे. चिठ्ठ्या पुढे पाठवा. ज्यांच्या सोसायटीत बोअर आहे त्यांनी त्याची खोली आणि पाण्याची चव लिहिली, तर मला बरं पडेल. बाकीच्या प्रश्नांना जमेल तसं उत्तर देते.